पुतळाबाईने बांधलेल्या चुली

आमच्या सोनशेतच्या बौद्धवाडीत पुतळाबाई सून म्हणून आली ती पासष्ट-सहासष्टच्या सुमारास. गाव कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रुळांच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. नवरा श्रीपत तेव्हा मिळेल ती मजुरी करायचा. पुढं तो खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात बदली कामगार म्हणून लागला. घरात सासू गंगाबाई, आणि ही दोघं. माणसं तीनच, पण घर सदा धुरानं भरलेलं. गंगाबाईचे डोळे बारा महिने लाल असत आणि पहाटे तिचा खोकला सुरू झाला की शेजारच्या चार घरांना जाग यायची.

पुतळाबाई आली त्या वेळी सरपणाला लांब जावं लागत नसे. गावामागची टेकडी चढली की सागाच्या, ऐनाच्या वाळक्या फांद्या हाताशी मिळत. मग दरसाल झाडं मागं मागं सरकत गेली. आधी टेकडीची मागची बाजू, मग ओढ्यापलीकडचा उतार, मग थेट कड्याखालचं रान. सकाळी निघालेली बाई डोक्यावर मोळी घेऊन परतेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि त्यानंतर कुठं चूल पेटायची.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर पुतळाबाईला दिवस गेले. सातव्या महिन्यात गंगाबाई तापानं अंथरुणाला खिळली, श्रीपत कामावर, आणि घरात काडी नव्हती. पुतळाबाई एकटीच रानात गेली. मोळी घेऊन उतरताना सागाच्या वाळल्या पानांवरून तिचा पाय घसरला आणि मोळीसकट ती खाली आली.

वरच्या कातकरवाडीतली भागी त्याच वाटेनं आपली मोळी घेऊन कर्जतला विकायला निघाली होती. तिनं डोक्यावरची मोळी तिथंच टाकली, पुतळाबाईला पाठीवर घेतलं आणि उतार उतरून थेट वाडीत आणलं. भागी अंगानं काटक, उंचीला पुतळाबाईच्या खांद्याइतकी. एवढं ओझं तिनं कसं आणलं ते तिलाही सांगता येत नसे. मूल वाचलं नाही. त्यानंतर पुतळाबाईला दुसरं झालंही नाही. भागी दुसऱ्या दिवशी परत गेली तोवर तिची मोळी कुणीतरी उचलून नेली होती. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला कळलं ते तिचा नवरा पोशा याच्याकडून, तेही पुष्कळ वर्षांनी.

तेव्हापासून भागी कर्जतला जाता-येता पुतळाबाईकडं थांबायची. सरळ आत चुलीपाशी येऊन बसायची. दोघी कोरा चहा प्यायच्या, फार बोलायच्याही नाहीत.

पुतळाबाईचा मात्र त्या दिवसापासून आगीशी एक हिशेबीपणा सुरू झाला. डाळ ती सकाळीच भिजत घालायची. भात उकळला की लाकडं ओढून पाणी मारून विझवायची आणि भांडं पेंढ्यानं भरलेल्या टोपलीत दडपून ठेवायची. भात आपल्या वाफेवर शिजून निघायचा. आंघोळीचं पाणी ती उन्हात ठेवलेल्या काळ्या हंड्यात तापवायची. वाडीतल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, रान काय तुझ्या बापाचं हाय का, एवढी जपतेस.

चौऱ्याऐंशी साली सरकारनं निर्धूर चुलीची योजना आणली. कर्जतला बायकांना चूल बांधायचं शिक्षण मिळणार होतं आणि प्रत्येक गावातून एक नाव हवं होतं. ग्रामसेवक आधी वरच्या आळीत, गावातल्या सवर्णांच्या घरांत फिरला. तिथल्या बायका घर सोडून रोज कर्जतला जायला तयार नव्हत्या. शेवटी तो आमच्या वाडीत आला आणि पुतळाबाई लगेच हो म्हणाली. श्रीपतला तिनं विचारलंसुद्धा नाही.

शिक्षण संपलं त्याच दिवशी तिनं घरातली जुनी चूल फोडली. माती, शेण, भाताचं तूस एकत्र तुडवलं. चुलीचं तोंड लहान ठेवलं, आत दोनच लाकडं जातील एवढं. पुढच्या भोकावर भात, मागच्या वैलावर डाळ, आणि वैलाच्या मागून सिमेंटची नळी थेट छपराबाहेर. चूल वाळल्यावर पहिल्यांदा पेटवली तेव्हा गंगाबाई भिंतीला टेकून बसली होती. नजर अधू झालेली. बराच वेळ वाट बघून तिनं विचारलं, "पेटवलीस का नाय गं?"

"भात झाला, आत्याबाय," पुतळाबाई म्हणाली.

म्हातारी सरकत सरकत चुलीपाशी गेली, हात पुढं करून तिनं ऊब घेतली. त्या रात्री ती जेवण होईपर्यंत तिथंच बसून राहिली. खोकला लगेच गेला नाही, पण पहाटेचा जोर ओसरला. आणि मोळी पूर्वीच्या दुप्पट दिवस पुरायला लागली. पुतळाबाई त्या दिवसांत वेगळीच दिसायची. जो भेटेल त्याला ओढत घरात आणून चूल दाखवायची. वाडीतल्या सगळ्या घरांत तिनं चुली बांधल्या. हसणाऱ्या बायका आता माती कालवायला बसल्या.

मग ती वरच्या आळीत गेली.

छप्पन साली आमच्या वाडीनं दीक्षा घेतली, गावची जुनी कामं सोडली, देवांचं विसर्जन केलं. त्यावरून गावात काही वर्षं धुसफूस झाली. पुढं सगळं शांत झालं. चौऱ्याऐंशी साली कुणी कुणाला काही बोलत नसे. एसटीत शेजारी बसत, निवडणुकीला घरी येऊन पाया पडत. त्यामुळं पुतळाबाईच्या डोक्यात काही आलंच नाही. ती थेट विमलबाईंकडं गेली. विमलबाईंचं घर गावात सगळ्यात मोठं, रोज वीसेक माणसांचा स्वयंपाक. तिथं चूल झाली की गावभर होईल असं तिला वाटलं.

विमलबाईंनी तिला पडवीच्या पायरीवर बसवलं. चांगल्या बोलल्या. धुराचा त्रास त्यांनाही होताच. चूल बांधायची ठरली. पुतळाबाई माती तुडवायला उठली तशा त्या म्हणाल्या, "तू कशाला हात घाण करतेस? तू इथूनच सांग, सून बांधील."

"आतली मापं हातानं घ्यावी लागतात, बाय. सांगून नाय जमायचं," पुतळाबाई म्हणाली.

"जमेल की. हुशार हाय ती," विमलबाई म्हणाल्या आणि दार अर्धं लोटून घेतलं.

नको असं कुणी म्हणालं नाही. पुतळाबाई अंगणात उभी राहून दाराच्या फटीतून सांगत राहिली: तोंड एवढं ठेव, मागचं भोक वर घे, नळीजवळची वाट अरुंद कर. आत सून आपल्या परीनं करत होती. तिनं काही ऐकलं, काही ऐकू आलं नाही. जुन्या सवयीनं तिनं चुलीचं तोंड मोठं ठेवलं, मोठी लाकडं जावीत म्हणून. नळीचं भोक खाली गेलं. पेटवल्यावर सगळा धूर घरात उलटला. विमलबाईंनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी चूल फोडून टाकली. पुतळाबाईची चूल धूर ओकते, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

त्यानंतर वरच्या आळीतल्या एकाही घरानं तिला बोलावलं नाही. ग्रामसेवकाला वर आकडा कळवायचा होता म्हणून त्यानं घरोघर नळ्या वाटून टाकल्या. त्या नळ्या गोठ्यांच्या पन्हळींना लागल्या, एक-दोन परसातल्या मोरीला. पुतळाबाईनं त्याला एकदा गाठून सांगितलं की मला एका घरात आत जाऊ द्या, एकच चूल माझ्या हातानं बांधून देते, मग बघा. तो बराच वेळ आपल्या सायकलच्या घंटीकडं बघत राहिला. हळूहळू होईल, एवढंच म्हणाला.

तिला वाईट वाटलं, पण ती खचली नाही. श्रीपतच्या नात्यातली चिमाबाई कर्जतला भिसेगावात राहायची. नवरा स्टेशनात हमाल. खोल्यांची एक लांब ओळ, सगळ्यांची चूल खोलीतच, आणि सगळे सरपण विकत घेणारे. पुतळाबाईनं तिथं चिमाबाईची चूल बांधली. तिथं कोण कुठला हे कुणी विचारत नव्हतं, आणि बरीचशी घरं आपलीच होती. महिन्याभरात अख्खी ओळ झाली. मग मागची ओळ, मग नदीकडची घरं. बायका तिची वाट बघायच्या. तिनं त्यांना डाळ भिजवायची, लाकूड ओढून घ्यायची, पेंढ्यात भात ठेवायची सवय लावली. पैसे खर्चून आणलेलं सरपण वाचतंय म्हटल्यावर त्यांनी ते मन लावून केलं. पुतळाबाई संध्याकाळी रुळांच्या कडेकडेनं परत यायची तेव्हा नखांत माती असायची आणि काहीतरी गुणगुणत असायची. तिचं गुणगुणणं आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

हे सगळं साधारण वर्षभर चाललं.

भागी कातकरवाडीतून मोळी घेऊन उतरायची ती भिसेगावातच जायची. वीस वर्षं तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती. चिमाबाईची ओळ, मागची ओळ, नदीकडची घरं. आधी एका घरानं सांगितलं, आज नको, परवाची अजून हाय. भागीला वाटलं, पाहुण्यांकडं गेले असतील. मग दुसऱ्या घरानं तेच सांगितलं. हळूहळू असं झालं की ती पूर्ण ओळ फिरून डोक्यावरची मोळी तशीच घेऊन स्टेशनाकडं जायची आणि तिथं चहावाला देईल त्यात टाकून यायची. काही दिवस तिनं दोन कोस पुढं जाऊन बघितलं. तिथं दुसऱ्या वाड्यांच्या बायका बसत, त्यांनी तिला हाकललं.

एका दुपारी ती पुतळाबाईच्या घरी आली आणि नेहमीसारखी चुलीपाशी बसली. चुलीकडं बराच वेळ बघत राहिली. खाली वाकून तिनं तोंडात डोकावून पाहिलं.

"हीच का गं ती?" तिनं विचारलं.

"हीच," पुतळाबाई म्हणाली. आणि मग भागीच्या गुडघ्यावरची हाडं, पातळ झालेले दंड तिच्या नजरेत आले. इतके दिवस ती रोज तिला बघत होती.

"चिमाबाय म्हणली, आता मोळी आठ दिस जाते. पुतळानं केलं म्हणली." भागीच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी बातमी सांगावी तसं ती सांगत होती.

पुतळाबाईच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. मोळी म्हटलं की तिला तो उतार आठवायचा, ती सागाची पानं. मोळी वाहायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. ती घाईघाईनं म्हणाली, "तुझ्याकडं बी बांधून देते मी. उद्याच येते."

भागी हसली. "मला कशाला? लाकूड हाय माझ्याकडं. चुलीवर ठेवायला नाय."

त्या दिवशी पुतळाबाईनं घरातले तांदूळ तिच्या पदरात घातले. पुढंही घालत राहिली, पण त्यांचं घर एकाच्या मजुरीवर चालणारं. श्रीपतला कारखान्यात खाडे पडले की त्यांच्याकडंच काही नसायचं. तिनं भिसेगावात जाणं बंद केलं. चिमाबाई दोनदा बोलवायला आली तेव्हा अंगात ताप असल्याचं सांगितलं. त्यानं काही फरक पडला नाही. त्या बायका आता एकमेकींना शिकवत होत्या. पाइप दुकानात मिळत होते. ती थांबली म्हणून चुली थांबणार नव्हत्या.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर मुकादम कातकरवाडीत आला. घाटावर कोळशाच्या भट्ट्यांना माणसं हवी होती. यापूर्वी वाडीतली पाच-सहा घरं जायची, पण भागी आणि पोशा कधी गेले नव्हते. मोळीवर त्यांचं भागत होतं. या वेळी दोघांनी नावं दिली.

जायच्या आदल्या दिवशी भागी आली. पुतळाबाईनं तिला जाऊ नको म्हणून परोपरीनं सांगितलं. भट्टीच्या धुरात माणूस टिकत नाही, तिथं दवाखाना नाही, मुकादम दिलेला शब्द पाळत नाहीत. भागीनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं लाकूड तोडायचं आन् जाळायचं. दुसरं येतंय काय मला?"

"किती झाडं जातात गं एका भट्टीला?"

"जातात की. आख्खी झाडंच लागतात. मुंबईच्या हाटेलात कोळसा जातो म्हणतात."

भागीनं चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि म्हणाली, "नको जाऊ म्हणतीस, तर मग काय करू ते सांग."

पुतळाबाईनं तिला आपलं एक जुनं लुगडं दिलं आणि ओढ्यापर्यंत सोबत गेली.

पुढच्या वैशाखात पोशा एकटाच परत आला. भागी तिकडं भट्टीवरच वारली होती. कोळशाची भट्टी म्हणजे रचलेल्या लाकडांचा ढीग, वरून मातीनं लिंपलेला. आत लाकूड धुमसत राहतं. कुठं भेग पडून हवा आत गेली की लाकूड भडकतं, सगळ्याची राख होते. म्हणून कुणीतरी वर चढून भेगेवर माती टाकायची असते. भागी माती टाकायला चढली आणि वरचा थर खचला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पोशानं तिला ओढून काढलं, पण पाय जळाला होता. मुकादमानं हळद लावायला सांगितलं. जखम चिघळली. तालुक्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत ती शुद्धीत नव्हती. तिथल्याच माळावर तिला पुरून पोशा निघून आला.

हे सगळं त्यानं पुतळाबाईच्या ओट्यावर बसून सांगितलं, खाली बघत. आत या म्हटलं तरी आला नाही. पुतळाबाई रडली नाही. तिनं त्याला पाणी दिलं. मग त्यानं विचारलं, "बाय, भिसेगावात तुमची वळख हाय. फाट्यांची मोळी कोण घेईल का? मी रोज आनून देईन."

भागीच्या गिऱ्हाइकांचं काय झालं ते त्याला माहीत असणार. तरी त्यानं विचारलं. दुसरं कोणी विचारायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई त्याच्याबरोबर गेली. त्याच्या डोक्यावर मोळी, ती पुढं. ओळीतल्या बायकांनी तिला इतक्या दिवसांनी बघितल्यावर गराडा घातला. कुठं होतीस, किती वाळलीस, आत ये. ती दारात उभी राहूनच म्हणाली की हा माझ्या ओळखीचा हाय, ह्याची मोळी घ्या. चिमाबाईनं हात धरून तिला खोलीत नेलं आणि भिंतीशी लावलेलं सरपण दाखवलं. बारीक, एका मापाचं तोडून नीट रचलेलं.

"बघ, गेल्या आठवड्याचं अजून तसंच हाय," ती कौतुकानं म्हणाली. "तू शिकवलंस तसंच करतो सगळ्या. तुझ्यामुळं घर सावरलं बघ आमचं."

पुतळाबाईनं तरी एकदा म्हणून पाहिलं, "घ्या की गं एक. पावसाळ्याला होईल."

चिमाबाईला नवल वाटलं. "तूच म्हनायचीस ना, लाकूड उगं साठवू नये, वाळवी लागते?"

अशीच ती ओळभर फिरली. प्रत्येक दारात तिचं कौतुक झालं, दोन ठिकाणी चहा झाला. मोळी कुणी घेतली नाही. पोशा रस्त्यावर उभा होता, मान ताठ धरून, कारण मोळी डोक्यावर असली की मान हलवता येत नाही. शेवटी ती स्वतःच म्हणाली, "चल रं पोशा, बस झालं." स्टेशनाजवळच्या चहावाल्यानं मोळी ठेवून घेतली आणि पोशाला दोन पाव आणि चहा दिला. पोशानं एक पाव पुतळाबाईपुढं धरला. तिनं घेतला नाही.

पुढच्या हंगामात पोशा वीटभट्टीवर गेला असं कातकरवाडीतल्या लोकांनी सांगितलं. पनवेलच्या बाजूला म्हणे. परत आल्याचं कुणाला माहीत नाही.

गंगाबाई सत्त्याऐंशीच्या पावसात वारली. त्याआधीच घरातल्या चुलीची नळी एका वादळात तडकली होती. पुतळाबाईनं कर्जतला जाऊन दुसरी मागितली, तर योजनेतल्या नळ्या संपल्याचं सांगितलं. दुकानातली घ्यायची तिची ऐपत होती, निदान श्रीपतनं तरी आणतो म्हटलं होतं. तीच नको म्हणाली. म्हातारीचे शेवटचे महिने पुन्हा धुरातच गेले. ते तिला का करावंसं वाटलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. तिनं सांगितलंही नाही. भिसेगावात पुढं एकेका घरात गॅस आला आणि तिथल्या चुली फुटून गेल्या. गावामागच्या टेकडीवर तर आता सावलीला बसायलासुद्धा झाड राहिलं नाही. उरलीसुरली झाडं न्यायला लाकडाच्या ठेकेदाराचे ट्रक दोन उन्हाळे येत होते.

एकोणनव्वद साली पंचायत समितीकडून एक तरुण बाई आमच्या वाडीत आली. जुन्या शिकलेल्या बायकांकडून नव्या बायकांना चूल शिकवायची, असं काहीतरी पुन्हा निघालं होतं. तिनं पुतळाबाईचं नाव विचारत घर शोधलं. पुतळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्या बाईनं सगळं समजावून सांगितलं. झाडं वाचतील, धूर जाईल, बायकांचे हाल कमी होतील. पुतळाबाईनं मधे तोडलं नाही. सगळं खरं हाय, म्हणाली.

"मग याल ना तुम्ही?"

"नाय," पुतळाबाई म्हणाली. "दुसरं कोणी बघा."

कारण विचारल्यावर ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. बाई थोडा वेळ थांबली आणि पाचची गाडी चुकेल म्हणून उठली. पुतळाबाई सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळानं कौलांमधून धूर यायला लागला.